भूत नंतर, दार आधी!

दिवाळीची सुटी लागली, की गावोगावच्या मैदानांवर आनंदमेळ्यांचे तंबू उभे राहतात. आकाशपाळणा असतो, मौत का कुआँ असतो, बंदुकीने फुगे फोडायचे दुकान असते; आणि या सगळ्यांच्या टोकाला पत्र्याची एक लांबोडकी खोली असते. तिच्या दर्शनी बाजूला लाल डोळ्यांचा आणि रक्ताळलेल्या सुळ्यांचा कुणी एक रंगवलेला असतो व त्याखाली ठसठशीत अक्षरे असतात : ‘भूतबंगला’. बंगला म्हणावे असे त्यात काही नसते, आणि भूत तर नसतेच नसते. तरीही तिकिटाच्या खिडकीपुढची लांबच लांब रांग पाहावी तर तीही तिथेच. आता तर मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये हाच माल वातानुकूलित करून चौपट दराने विकतात.

या भूतबंगल्यासंबंधी मला आज भांडायचे आहे. ऐन सणात भांडण कशाला, असे कुणी म्हणेल. पण भांडणाची वेळ हीच आहे. फराळाचे ताट बाजूला सारून मुले ज्या दिवसांत ‘मेळ्याला चला’ म्हणून हटून बसतात, त्याच दिवसांत हे सांगितले पाहिजे. शिमग्यात सांगून उपयोग काय? मात्र माझे भांडण भुताशी नाही. ते आहे भूत विकणाऱ्या बेफिकीर मालकाशी, आणि त्याहूनही अधिक, पोराची बकोटी धरून त्याला आत ओढणाऱ्या शूर बापाशी.

आधी भुताची बाजू घेतो. कारण ती घेणारा कुणी नसतो. आमच्या ओळखीतले काही सुधारक गृहस्थ म्हणतात, की ही भूतघरे बंदच केली पाहिजेत, त्यांनी अंधश्रद्धा वाढते. या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण त्यांचे हे म्हणणे मला मान्य नाही. भूतबंगल्यातले भूत हे जगातले सर्वांत प्रामाणिक भूत आहे. ते दाराशीच तिकीट फाडून सांगते, की ‘मी खोटे आहे, पाच मिनिटे भीती दाखवीन आणि सोडून देईन.’ कोंबडे मागत नाही, नारळ मागत नाही, दर अमावास्येला या म्हणत नाही. जो भोंदू ‘तुझ्या सुनेला बाधा झाली आहे’ म्हणून एखाद्या कुटुंबाला आयुष्यभर नागवतो, त्याच्यासाठी महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि त्या कायद्यापायी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात प्राण द्यावे लागले. भुताच्या नावाने खरी भीती घालणारा आणि भुताचा खेळ करणारा, या दोघांना एकाच दोरीने बांधणे म्हणजे रावणाला आणि रावणाचे सोंग घेणाऱ्या दशावतारी नटाला एकच शिक्षा फर्मावणे होय.

उलट मी तर म्हणतो, की या खेळाचा जन्मच मुळी भुताचे पितळ उघडे पाडणाऱ्यांच्या हातून झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधल्या एका ओसाड मठात रॉबर्टसन नावाचा कलावंत चाकांवरचा जादूचा कंदील पुढेमागे सरकवून धुरावर आणि पडद्यावर प्रेते चालवीत असे. तोच जादूचा कंदील पुढे १८९०च्या दशकात कल्याणच्या पटवर्धन पितापुत्रांनी ‘शांबरिक खरोलिका’ म्हणून आपल्याकडे आणला व त्यावर रामायण-महाभारत दाखवले. लंडनमध्ये १८६२ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री पेपर नावाच्या विज्ञानाच्या व्याख्यात्याने रंगमंचावर आरपार दिसणारे भूत उभे केले. युक्ती किती साधी! रंगमंचावर एक मोठी काच तिरपी उभी करायची. प्रेक्षकांना ती दिसत नाही. खाली खड्ड्यात पांढरे कपडे घातलेला नट लपवायचा आणि त्याच्यावर झगझगीत उजेड पाडायचा. त्याचे प्रतिबिंब काचेत पडते आणि नटांच्या मधोमध भूत तरंगू लागते. रात्रीच्या एस्टीत खिडकीशी बसलात, तर बाहेरच्या काळोख्या झाडांवर तुमचाच चेहरा धावताना दिसतो ना? तेच हे भूत. आजही मोठमोठ्या भूतघरांत हीच काच कामाला येते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९६९ साली उघडलेल्या प्रसिद्ध भूतवाड्यातले नाचणारे पाहुणे याच युक्तीने नाचतात. म्हणजे भुताला रंगभूमीवर आणणारा एक शिक्षकी पेशाचाच माणूस होता. माझ्यासारख्या मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराला याचा थोडा अभिमान वाटला, तर वाचकांनी क्षमा करावी.

तेव्हा भूतबंगल्यास जाण्यापूर्वी जाणून घेण्याची पहिली गोष्ट ही, की आत काय आहे ते मुलांना आधी सांगा. तोंडावर फुंकर येते ती हवेच्या नळीतून. गालाला लागते ते ओले सूत असते. सांगाडा उडी मारतो तो दोरीवर. पुष्कळांना वाटते, की असे सांगितल्याने मजा जाते. मुळीच जात नाही. नाटकातला खून खोटा आहे हे ठाऊक असूनही आपण श्वास रोखतोच की नाही? युक्ती ठाऊक असलेले मूल भिते आणि हसते. ठाऊक नसलेले मूल नुसतेच भिते. खेळ आणि छळ यांतले अंतर एवढेच आहे.

आता शूर बापाकडे वळतो. हा गृहस्थ प्रत्येक मेळ्यात भेटतो. पाच वर्षांचे पोर दाराशीच पाय रोवून उभे असते, ओठ थरथरत असतात, मूठ आईच्या पदरात अडकलेली असते, आणि हा म्हणतो, “मुलगा आहेस ना? मग रडतोस काय बायकांसारखा! एकदा भीती मोडली पाहिजे.” भीती मोडण्याचे हे शास्त्र त्याला कुणी शिकवले, देव जाणे. वीसएक वर्षे मी लहान मुलांच्या वर्गावर आहे. घाबरवल्याने धीट झालेले एकही मूल मी पाहिलेले नाही. घाबरवल्याने गप्प झालेली मात्र पुष्कळ पाहिली. गप्प मूल बापाला धीट वाटते, कारण ते पुन्हा त्याच्याजवळ काही बोलत नाही. रात्री दचकून उठते ते आईपाशी, आणि काळोखात मोरीकडे जायचे म्हणजे थोरल्या बहिणीला उठवते. बापाला त्याचा पत्ताही नसतो.

माझे सांगणे कुणाला मास्तरी वाटेल म्हणून एक परकी साक्ष काढतो. डेन्मार्कमधल्या आऱ्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भूतघरात शंभराहून अधिक माणसांच्या छातीला ठोके मोजण्याची यंत्रे लावून पाहिले आणि २०२० साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो असा, की भीती फार थोडी असली तर मजा येत नाही आणि फार झाली तरी येत नाही. गोडी आहे ती मध्यावर. आपल्या आज्यांना हे यंत्रावाचून ठाऊक होते. हडळीची गोष्ट त्या सांगत, पण नातवाला मांडीवर घेऊन, कंदिलाची वात अर्ध्यावर ठेवून. आणि पोराने फारच अंग चोरले, तर हडळीला पाणंदीतच थांबवून गोष्ट राजपुत्राकडे वळवीत. भीतीचा चमचा त्यांच्या हातात होता, आणि किती चमचे द्यायचे ते त्या पोराच्या तोंडाकडे पाहून ठरवीत. यंत्राचे भूत कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट : आत जायचे की नाही, हे मूलच ठरवील. आणि दाराशी आल्यावर, किंबहुना अर्ध्या वाटेवर आल्यावरही, त्याने ‘नको’ म्हटले तर ते ‘नको’ शेवटचे. “तिकिटाचे पैसे फुकट गेले” हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढायचे नाही. पाचसात वर्षांखालच्या मुलाला तर नेऊच नये. त्याच्या लेखी मुखवटा आणि चेहरा यांतली रेघ अजून पुरती पक्की झालेली नसते; बापाने खोट्या दाढीमिशा लावल्या तरी ते भोकाड पसरते. मोठ्यांनीही आपल्या देहाची विचारपूस करून आत जावे. हृदयविकार असलेल्यांनी, दिवस गेलेल्या बायकांनी आणि ज्यांना फेफरे येते त्यांनी बाहेर बसून भेळ खावी, हे उत्तम. आत जे दिवे लुकलुकतात, तशा लुकलुकत्या उजेडाने काहींना झटका येऊ शकतो. धुराचे यंत्र असेल तर दमेकऱ्यांनीही फिरकू नये.

एवढे झाले भीतीचे. पण ज्यासाठी मी ही लेखणी हाती घेतली, ती गोष्ट वेगळी आहे. ती आहे दाराची.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात लूना पार्क म्हणून समुद्रकाठी करमणुकीचे उद्यान आहे. तिथल्या ‘भुताच्या आगगाडी’ला ९ जून १९७९च्या रात्री आग लागली. एक बाप आणि त्याची दोन मुले, शिवाय चार शाळकरी मुले, अशी सात माणसे आत जळून गेली. आग कशाने लागली याचा वाद आजही मिटलेला नाही. पाच वर्षांनी, ११ मे १९८४ रोजी, अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या एका उद्यानात ‘भुताटकीच्या किल्ल्या’ला आग लागली. आठ किशोरवयीन मुले मेली. हा किल्ला कशाचा होता? मालवाहू गाड्यांचे डबे एकमेकांना जोडून वरून किल्ल्याचा मुखवटा चढवलेला. भिंतींना फोम, वळणावळणाची बोळकांडी, काळोख. आणि आगीवर आपोआप पाणी सोडणारी योजना नाही. का नाही? तर म्हणे ही पक्की इमारत नव्हे, ‘तात्पुरती’ मांडणी आहे!

हा ‘तात्पुरती’ शब्द वाचकांनी नीट लक्षात ठेवावा, कारण तो आपल्याही देशात राहतो. २५ मे २०२४ रोजी गुजरातेत राजकोटला पत्र्याच्या खेळघराला आग लागली. जवळच वेल्डिंगचे काम चालू होते. पंचवीसहून अधिक माणसे गेली; त्यांत उन्हाळ्याच्या सुटीत खेळायला आलेली मुले होती. अग्निशमन खात्याचा दाखला त्या जागेला नव्हता. तीही मांडणी तात्पुरतीच. मांडणी तात्पुरती, परवाना तात्पुरता, वायरी तात्पुरत्या. कायमचे काय ते एकटे मरण.

कुणी म्हणेल, आग कुठेही लागते. लागते, पण भूतघरातली आग ही निराळी. विचार करून पाहा. भूतघर बांधणाऱ्याचा सारा खटाटोप कशासाठी? माणसाला वाट सापडू नये यासाठी. काळोख हवा, वळणे हवीत, धूर हवा, दार कुठे ते कळता कामा नये. म्हणजे आगीत माणूस जे जे घडून मरतो, ते ते इथे आधीच हौसेने मांडून ठेवलेले असते. त्यावर काळ्या कापडाचे पडदे आणि थर्माकोलच्या कवट्या. शिवाय सर्वांत भयंकर गोष्ट अशी, की आतून कुणी ‘वाचवा’ म्हणून जीव तोडून ओरडला, तर बाहेरची रांग हसते. खरी किंकाळी आणि विकतची किंकाळी यांतला फरक दाराशी बसलेल्या तिकीटवाल्याला कसा कळावा?

म्हणून तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट : तिकीट काढण्यापूर्वी भूतबंगल्याला एक प्रदक्षिणा घाला. देवळाला घालतो तशीच, पण डोळे उघडे ठेवून. बाहेर पडण्याचे दार आत शिरण्याच्या दाराहून वेगळे आहे का? मध्ये कुठे सुटकेचे दार आहे का? ते बाहेरच्या बाजूला उघडते का, की त्याच्यासमोर जनित्र आणि खुर्च्यांची चळत रचली आहे? दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली, तिथे बाल्कनीतली बाहेर पडण्याची एक वाट जादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती, हे विसरू नका. वायरी उघड्या लोंबताहेत का? आग विझवायचे लाल नळकांडे दिसते का, आणि ते चालवता येणारा माणूस कोण? मग खिडकीपाशी जा आणि विचारा, “एका वेळी किती माणसे आत सोडता? आत काही झाले तर सगळे दिवे एकदम लावण्याचे बटण कुठे आहे?” उत्तरादाखल तो हसला किंवा “काय साहेब, घाबरलात काय?” म्हणाला, तर सरळ पाठ फिरवा. होय, घाबरलो म्हणावे. भुताला नव्हे, तुम्हाला.

मालक लोकांचे यावर ठरलेले उत्तर आहे. “सुटकेच्या दारावर दिवा लावला तर काळोख कसा राहणार? मग भीती कसली वाटणार?” या उत्तरावर मला हसावे की रडावे कळत नाही. चित्रपटगृहात दारांवर लाल दिवे जळत असतात. म्हणून तिथे नायिकेच्या मरणावर कुणाचे अश्रू थांबले आहेत काय? अमेरिकेत त्या आगीनंतर नियम कडक झाले. आज तिथल्या अशा घरांत आपोआप पाणी सोडणारे नळ लागतात, आणि धोक्याची घंटा वाजली की भुतांचे आवाज बंद पडून वाट उजळली पाहिजे, असा दंडक आहे. म्हणून तिथली भुते उपाशी मेलेली नाहीत. दरवर्षी ऑक्टोबरात त्यांचा धंदा तेजीतच असतो. आपल्याकडेही कायदा नाही असे नाही. महाराष्ट्रात २००६ सालचा आग प्रतिबंधाचा कायदा आहे. पण कायदा कपाटात आणि भूत मैदानात, अशी आपली वाटणी झालेली आहे. दाखला पाहिल्यावाचून मैदान देणारा अधिकारी, दाखल्यावाचून पत्रे ठोकणारा मालक, आणि दाखला न विचारता रांगेत उभे राहणारे तुम्हीआम्ही, या तिघांच्या संगनमताने हा कारभार चालतो. पहिल्या दोघांना आपण आज हलवू शकणार नाही कदाचित. तिसरा मात्र आपल्याच हाती आहे. दहा कुटुंबांनी दार विचारून रांग सोडली, तर अकरावे येईपर्यंत मालक दार पाडील. धंदेवाल्याला उपदेश ऐकू येत नाही, गल्ला ऐकू येतो.

“नशिबात असेल ते होते” असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त विचारतो, की मग रस्ता ओलांडताना मुलाचा हात का धरता?

एक शेवटची गोष्ट आतल्या माणसाविषयी. रबराचा मुखवटा घालून, पत्र्याखालच्या उकाड्यात जो पोरगा संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ‘हूऽऽ’ करतो, तो कुणाचा तरी मुलगा आहे. त्याला रोजंदारी मिळते आणि वर कॉलेजच्या तरुणांचे गुद्दे मिळतात. दचकल्याचे नाटक करून भुताला बुकलणे, ही मर्दुमकी नव्हे. भुताला हात लावू नये, हा या खेळाचा पहिला शिष्टाचार आहे. आणि आग लागली तर सर्वांत शेवटी बाहेर पडणारा तोच असतो, हेही ध्यानात असावे. दार मागताना ते त्याच्यासाठीही मागायचे आहे.

आपल्या जुन्या भुतांची नावे आठवून पाहा. सोडमुंजीपूर्वी मेलेला पोर तो मुंज्या, बाळंतपणात मेली ती हडळ, पाण्यात बुडाला तो गिऱ्हा. ही भुतांची नावे नव्हेत, वाचकहो. जी माणसे अकाली गेली आणि ज्यांना वाचवणे आपल्याला जमले नाही, त्यांची ही यादी आहे. सुईण वेळेवर आली असती, विहिरीला कठडा असता, तर यातली कित्येक भुते झालीच नसती. पूर्वजांपाशी वैद्यक नव्हते, साधने नव्हती. त्यांनी मेलेल्यांना पिंपळावर नेऊन बसवले आणि त्यांच्या नावाने नारळ वाढवला. आपल्यापाशी ती सबब नाही. पत्र्याच्या खोलीला दुसरे दार पाडायला न विज्ञान लागते, न मंत्र. एक सुतार आणि अर्धा दिवस पुरतो.

तेव्हा या सुटीत मेळ्याला खुशाल जा. मुलांना भूत दाखवा, किंचाळू द्या, बाहेर आल्यावर त्यांच्याबरोबर पोट धरून हसा. पण रांगेत उभे राहण्याआधी ती एक प्रदक्षिणा घालायला विसरू नका, आणि दुसरे दार दिसले नाही, तर पोरांना आकाशपाळण्याकडे वळवा. आमच्या भुतांच्या यादीत पत्र्याच्या खोलीत कोंडून मेलेल्या मुलाला अजून नाव नाही. ते शोधण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.